ट्रान्समीटर आकडा बरोबर दाखवतोय, पण तो जिवंत आहे का?

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस, बोईसरच्या एमआयडीसीत केमिकल प्लांटमध्ये बरीच वर्षं काढली, आणि बोईसरला राहणाऱ्या कुणालाही तारापूरचं अणुवीज केंद्र म्हणजे शेजारच. त्यामुळे ट्रेनमध्ये, लग्नात, कुठेही विषय निघतो, "अहो ते १९६९ चं आहे ना, मग अजून टिकलंय कसं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर असतं ते जाड काँक्रीट आणि पोलादाचं भलंमोठं भांडं. त्याचं वय हा महत्त्वाचा विषय आहेच, पण त्यावर लिहिणारे बोलणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते त्या भांड्याला चिकटलेल्या बारीकसारीक गोष्टींबद्दल. सेन्सर, केबल, कार्ड, रिले, कनेक्टर. यांचं म्हातारपण वेगळ्या जातीचं असतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

आधी हे नेमकं करतात काय ते बघू. रिॲक्टरच्या आत काय चाललंय हे डोळ्याने बघायची सोय नाही. प्रेशर किती, पाण्याची लेव्हल किती, तापमान किती, न्यूट्रॉन किती, हे सगळं सेन्सर मोजतो, केबलमधून सिग्नल जातो, इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या कार्डावर त्याची ठरलेल्या मर्यादेशी तुलना होते, मर्यादा ओलांडली की रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, पडतो आणि कंट्रोल रॉड आत जाऊन रिॲक्टर बंद होतो. आमच्या भाषेत ट्रिप झाला. यातली एकही कडी ढिली असेल तर कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला जे दिसतं ते आणि आत जे घडतंय ते यात फरक पडतो. २०११ साली फुकुशिमात हेच झालं होतं, लेव्हल मोजणाऱ्या यंत्रणेच्या संदर्भाच्या नळीतलं पाणीच उकळून उडून गेलं आणि मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त पाणी दाखवत राहिला. ती काही म्हातारपणाची केस नव्हती, पण चुकीचा आकडा माणसाला किती लांब नेऊन सोडतो ते त्यातून कळतं.

आता म्हातारपण. घरातला सीलिंग फॅन आठवा. दोन वर्षांत तो हळूहळू मंद होतो आणि आपल्याला कळतसुद्धा नाही, रोज तोच फॅन बघतो ना आपण. मग पाहुणा येतो आणि म्हणतो "फॅन फुल्ल वर आहे का हो?" इलेक्ट्रिशियन येतो, छोटासा कपॅसिटर बदलतो, फॅन पुन्हा भरधाव. अणुवीज केंद्रातल्या पॉवर सप्लायमध्ये इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात, जात थोडी वेगळी पण गोष्ट तीच, आतलं द्रव उष्णतेने हळूहळू सुकतं, कपॅसिटरची क्षमता कमी होते आणि व्होल्टेजवर नको ती थरथर यायला लागते. रिलेचं तसंच. सुरक्षेच्या सर्किटमधले बरेच रिले चोवीस तास चालू ठेवलेले असतात, वीज गेली की ते आपोआप पडावेत आणि रिॲक्टर बंद व्हावा म्हणून, आणि ही रचना चांगलीच आहे, पण वर्षानुवर्षं कॉइलमधून करंट जात राहिला की ती गरम राहते, इन्सुलेशन भाजत जातं, प्लास्टिक ठिसूळ होतं.

कार्डावरचे सोल्डरचे जोड गरम-थंड होऊन तडकतात, कनेक्टरच्या पिनांवर ऑक्साइडचा थर बसतो. आणि एक प्रकार तर असा की पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा विश्वास बसेना. टिनचा मुलामा दिलेल्या धातूवर कालांतराने टिनचे केसासारखे बारीक तंतू आपोआप उगवतात. एप्रिल २००५ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या मिलस्टोन केंद्राचं तीन नंबरचं युनिट अचानक ट्रिप झालं, कारण शोधत शोधत गेले तर सुरक्षा यंत्रणेच्या एका कार्डावर असा एक तंतू वाढून दोन जागा जोडल्या गेल्या होत्या.

पण हे झाले सांगून सवरून होणारे बिघाड. काहीतरी बंद पडतं, अलार्म वाजतो, माणूस धावतो. त्याची मला तेवढी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती गप्प बसून होणाऱ्या बिघाडाची, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पुन्हा मिलस्टोनचंच आहे, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं.

प्रेशर ट्रान्समीटर म्हणजे काय, तर एका बाजूला पातळ पडदा, त्याच्यावर पाण्याचा दाब येतो, पडद्याच्या मागे सिलिकॉन तेल भरलेलं असतं, ते तेल दाब आतल्या सेन्सरपर्यंत पोचवतं, आणि त्याचा ४ ते २० मिलीॲम्पिअरचा सिग्नल होऊन बाहेर जातो. जगभरात गाजलेल्या रोझमाउंट कंपनीच्या काही मॉडेलमध्ये काचेच्या सीलमधून हे तेल अतिशय सावकाश गळायला लागलं. किती सावकाश, तर महिने, वर्षं. आता गंमतीचा नाही, भीतीचा भाग असा की प्लांट एका स्थिर दाबावर चालू असताना हा ट्रान्समीटर बराच काळ जवळजवळ बरोबर आकडा दाखवत राहतो. शेजारच्या दोन चांगल्या ट्रान्समीटरशी जुळणारा. शिफ्टमधला माणूस तीन मीटर बघतो, तिन्ही सारखे, वहीत नोंद करतो, ओके. पण ज्या दिवशी दाब खरोखर झपाट्याने पडेल त्या दिवशी तेल कमी झालेला ट्रान्समीटर सुस्तावलेला असतो, उशिरा हलतो, किंवा मर्यादेपर्यंत पोचतच नाही. म्हणजे ज्या एका दिवसासाठी तो लावलाय त्याच दिवशी तो उपयोगाचा नाही, आणि बाकीच्या हजारो दिवसांत त्याच्यात काही खोट दिसत नाही.

१९९० साली अमेरिकेच्या अणु नियामकाने यावर सगळ्या केंद्रांना बुलेटिन काढून असे ट्रान्समीटर शोधायला आणि लक्ष ठेवायला सांगितलं. पण शोधायचं कसं? चालू रिॲक्टरमध्ये प्रत्येक ट्रान्समीटर काढून तपासणार का?

यावर जे उत्तर वापरतात ते मला आमच्या धंद्यातलं सगळ्यात सुंदर उत्तर वाटतं. पाइपमधलं पाणी कधीच पूर्ण शांत नसतं. पंप फिरत असतो, प्रवाहात भोवरे असतात, त्यामुळे दाब सतत बारीक बारीक थरथरत असतो, आणि चांगल्या ट्रान्समीटरच्या सिग्नलवर ही थरथर दिसते. एरवी आम्ही तिला नॉइज म्हणतो, कटकट म्हणून फिल्टर लावून घालवतो. इथे नेमकी तीच रेकॉर्ड करायची, आणि तिच्यात कुठल्या वेगाची थरथर किती आहे याचं गणित करायचं. तेल गळालेल्या ट्रान्समीटरमध्ये जलद थरथर गायब झालेली असते. म्हणजे ज्याचा सिग्नल फार गुळगुळीत, फार शांत, तोच आजारी! ट्रान्समीटरपर्यंत जाणारी बारीक नळी गाळाने किंवा बोरॉनच्या खड्यांनी चोंदली असेल तरी हेच लक्षण दिसतं. नाडीपरीक्षा म्हणा हवं तर. प्लांट बंद करायचा नाही, काही उघडायचं नाही, फक्त ऐकायचं.

तापमान मोजणाऱ्या आरटीडीला अशीच एक युक्ती आहे. आरटीडी म्हणजे बारीक प्लॅटिनमची तार, ती एका धातूच्या खोळीत बसवून पाइपात घातलेली असते. तार आणि खोळ यांच्यात वर्षानुवर्षांच्या धडधडीने जरा फट पडली की तिथे हवा शिरते आणि उष्णता तारेपर्यंत उशिरा पोचते. आकडा बरोबर, पण उशिरा. मग काय करतात, कंट्रोल रूमच्या बाजूनेच तारेतून थोडा जास्त करंट सोडतात, तार जराशी तापते आणि ती किती वेळात स्थिरावते त्यावरून बाहेरची उष्णता आत यायला किती वेळ लागत असेल ते काढतात. ही पद्धत १९७० च्या दशकात विकसित झाली आणि अजून चालते.

केबलकडे येतो आता, कारण लोकांना केबल म्हणजे काहीच वाटत नाही आणि माझ्या मते हाच सगळ्यात अवघड भाग आहे. कार्ड बदलता येतं, ट्रान्समीटर बदलता येतो, पण एका अणुवीज केंद्रात शेकडो किलोमीटर केबल भिंतींतून, ट्रेमधून, सीलबंद छिद्रांतून गेलेल्या असतात, त्या सगळ्या उपसून नव्या टाकणं म्हणजे घराच्या भिंती फोडण्यासारखं आहे.

केबलमधलं तांबं म्हातारं होत नाही, म्हातारं होतं वरचं आवरण. गॅसच्या शेगडीची जुनी रबरी नळी हातात घेऊन वाकवून बघा, आधी कडक लागते, मग बारीक चिरा दिसतात. केबलच्या पॉलिमरचं असंच होतं, उष्णता आणि रेडिएशन दोन्ही मिळून हवेतल्या ऑक्सिजनला त्याच्या साखळ्या तोडायला मदत करतात. आणि इथेही तीच गप्प बसायची खोड! कडक झालेली, आतून तडकलेली केबल जोपर्यंत कुणी हलवत नाही तोपर्यंत उत्तम सिग्नल देते, कोरड्या हवेत चिरांमधूनही इन्सुलेशन टिकून असतं. अपघातात गरम वाफ भरली की त्या चिरांत ओल शिरते, थोडा करंट भलत्या वाटेने जातो, आणि ४ ते २० मिलीॲम्पिअरच्या सिग्नलमध्ये एखादा मिलीॲम्पिअर इकडचा तिकडे झाला तरी लेव्हलचा आकडा भलताच दिसतो.

मग ४० वर्षं चालायची केबल आहे हे विकत घेताना कळणार कसं? ४० वर्षं थांबून बघता येत नाही, म्हणून ओव्हनमध्ये भाजतात. रसायनशास्त्रातला आर्हेनियसचा नियम इथे कामाला येतो, ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. केबल ५० अंशांत ४० वर्षं राहणार असेल तर ६० ला २० वर्षं, ७० ला १०, असं निम्मं निम्मं करत १२० अंशांपर्यंत गेलात की साधारण ११४ दिवस निघतात. म्हणजे चारेक महिने ओव्हनमध्ये ठेवली की कागदावर ४० वर्षांची झाली, मग तिला रेडिएशन द्यायचं, मग अपघातासारख्या वाफेत ठेवायचं, तरी चालली तर पास. हाच हिशोब उलटा वाचा म्हणजे दुसरी गोष्ट कळेल, डिझाइनमध्ये ५० अंश धरलं आणि एखादी केबल गरम पाइपच्या जवळून गेल्यामुळे प्रत्यक्षात ६० अंशांत राहिली तर तिची ४० वर्षं २० वर्षांतच संपली. म्हणून जाणती माणसं केंद्राचं सरासरी तापमान विचारत नाहीत, गरम कोपरे कुठे आहेत ते विचारतात.

आणि या ओव्हनच्या हिशोबात एक खोच आहे. घाईने भाजलं की पॉलिमरचा वरचा थर सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतो, आतपर्यंत ऑक्सिजन पोचतच नाही, आतलं कोवळंच राहतं. (भाकरी मोठ्या आचेवर टाकली की वरून करपते आणि आतून कच्ची, तसंच हे.) प्लांटमध्ये ४० वर्षं मंद आचेवर मात्र ऑक्सिजनला आतपर्यंत जायला भरपूर वेळ असतो. म्हणजे ओव्हनची परीक्षा पास झालेली केबल प्रत्यक्षात जास्त लवकर म्हातारी होऊ शकते. रेडिएशनचंही तसंच, तेवढाच डोस दोन दिवसांत देणं आणि तीस वर्षांत देणं यात फरक पडतो. हे कळल्यावर काही केंद्रांनी एक साधा, शहाणपणाचा मार्ग धरला, चालू केबलच्या शेजारी त्याच जातीचे जादा तुकडे नुसतेच ठेवून द्यायचे, कशालाही न जोडता, मुद्दाम गरम आणि जास्त रेडिएशनच्या जागी. दर काही वर्षांनी शटडाऊनमध्ये एकेक तुकडा काढायचा आणि लॅबमध्ये ओढून बघायचा. नवं आवरण स्वतःच्या लांबीच्या दुपटी-तिपटीने ताणलं जातं, ते ताणणं मूळ लांबीच्या ५० टक्क्यांवर आलं की सहसा त्याचे दिवस भरले असं धरतात. जिथे असे तुकडे ठेवलेले नाहीत तिथे एक छोटी सुई चालू केबलच्या आवरणावर हलके दाबून ते किती कडक झालंय ते मोजतात, आपण आंबा दाबून बघतो तसं.

केबल गेल्या की काय होतं हे आपल्या देशाने बघितलंय. ३१ मार्च १९९३ ची पहाट, उत्तर प्रदेशातलं नरोरा. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेलाला आग लागली, आणि वेगवेगळ्या वीजपुरवठ्यांच्या केबल पुरेसा आडोसा न ठेवता एकत्र गेलेल्या असल्यामुळे आग त्यांच्यावरून पसरत गेली. सतरा तास स्टेशन ब्लॅकआउट, म्हणजे केंद्राचा वीजपुरवठाच गेलेला. कंट्रोल रूममध्ये धूर भरला, मीटर मेलेले. रिॲक्टर बंद झाला होता पण तो बंदच राहील याची खात्री करायला ऑपरेटर टॉर्च घेऊन इमारतीत वर चढले आणि न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या बोरॉनच्या द्रावणाच्या व्हॉल्व्ह हाताने उघडल्या. रेडिएशन बाहेर आलं नाही ते या लोकांमुळेही. तिथे कारण केबलचं वय नव्हतं, मांडणी होती, पण मी ज्युनिअर पोरांना ही गोष्ट नेहमी सांगतो, कारण त्यानंतर कुणी "केबलच तर आहे" म्हणत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल की एकाच्या जागी तीन लावलेले असतात ना, मग एक बिघडला तर काय? बरोबर आहे. तीनपैकी दोघांनी सांगितलं तरच ट्रिप, काही ठिकाणी चारपैकी दोघांनी, यामुळे एक खोटं बोलला तरी निभावतं. पण हे मत मोजणं तेव्हाच खरं जेव्हा तिघे एकमेकांपासून स्वतंत्र असतात. तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच बॅचचे, एकाच आठवड्यात बसवलेले, एकाच खोलीतल्या उष्णतेत, एकाच माणसाने एकाच मीटरने कॅलिब्रेट केलेले, म्हणजे आकडा जुळवून घेतलेले असतील तर ते म्हातारेही बरोबरच होतात. एक सरकला तर बाकीच्या दोघांच्या तुलनेत दिसतो, तिघे एकाच दिशेला सरकले तर तुलना करून काही कळत नाही. म्हणून एकमेकांशी तुलना करत असतानाच आळीपाळीने एकेकाला बाहेरच्या प्रमाणित उपकरणाशी ताडून बघावंच लागतं. स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रात २५ जुलै २००६ ला बाहेरच्या स्विचयार्डात शॉर्टसर्किट झालं, व्होल्टेजचा झटका आत आला आणि एकसारख्या चार यूपीएस यंत्रणांपैकी दोन एकाच कारणाने बंद पडल्या. त्यांच्याबरोबर दोन डिझेल जनरेटर आपोआप जोडले गेले नाहीत आणि कंट्रोल रूममधली काही मीटरं काळी झाली. उरलेल्या दोन टिकल्या. पण त्याही त्याच घडणीच्या होत्या, हे विसरता येत नाही.

"मग सगळं दर दहा वर्षांनी नवंच का टाकत नाहीत?" हा प्रश्न मला फार वेळा विचारला गेलाय. नवं कार्ड पहिल्या काही महिन्यांत बिघडण्याची शक्यता जास्त असते, मग मधली बरीच वर्षं ते शांत चालतं आणि शेवटी पुन्हा बिघाड वाढतात, बाथटबसारखा आलेख. चांगलं चाललेलं काढून नवं टाकलं म्हणजे तुम्ही स्वतःहून पुन्हा टबच्या पहिल्या भिंतीवर जाऊन बसलात. तपासणीलाही किंमत आहे. दर वेळी कनेक्टर काढला घातला की तो झिजतो, व्हॉल्व्ह उघडली मिटली की ती झिजते, आणि माणूस आहे, कधी तरी उलटी उघडतो. माझ्या स्वतःच्या नोकरीत कॅलिब्रेशननंतर आयसोलेशन व्हॉल्व्ह (ट्रान्समीटरला प्रोसेसपासून तोडणारी) बंदच राहिल्यामुळे एक लेव्हल ट्रान्समीटर चार दिवस एकच आकडा दाखवत होता आणि आम्ही सगळे खूश होतो की बघा किती स्थिर प्रोसेस आहे. तेव्हापासून फार स्थिर आकडा दिसला की मी आधी प्लांटवर जाऊन येतो. इंग्लंडच्या साइझवेल बी केंद्राने म्हणूनच ट्रान्समीटरचे सिग्नल चालू असतानाच सतत एकमेकांशी ताडून बघायचे आणि हात लावायची वेळ कमी करायची असा मार्ग घेतला.

आणि एक म्हातारपण असं आहे की ते प्लांटच्या आत घडतच नाही. केंद्र ४० वर्षांसाठी बांधतात, मग ६० करतात, अमेरिकेत टर्की पॉइंटला २०१९ मध्ये ८० वर्षांपर्यंतची परवानगी मिळाली. आणि बाजारात एखादी चिप किती वर्षं मिळते? कार्ड ठणठणीत असतं पण ते बनवणारी कंपनी बंद झालेली असते, किंवा कंपनी आहे पण ते मॉडेल तिला स्वतःलाच आठवत नाही. स्टोअरमध्ये जादा ठेवले म्हणावं तर कपॅसिटर कपाटातही सुकतात, रबरी ओ-रिंग पाकिटातही कडक होते.

तारापूरला तर याच्यावर राजकारणाचीही भर पडली. पहिली दोन युनिटं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारली, ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक पातळीवर वीज द्यायला लागली. १९७४ ला पोखरणची चाचणी झाली आणि तिकडून सुटे भाग, मदत, पुढे इंधनसुद्धा, सगळंच अडत गेलं. पाच वर्षांचा प्लांट आणि बनवणाराच दार लावून बसलेला! जगातल्या बाकीच्या केंद्रांना जो प्रश्न तीस वर्षांनी पडला तो आपल्या लोकांना तेव्हाच पडला, आणि त्यांनी तो ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राच्या आणि हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या जोरावर, इथेच वस्तू बनवून सोडवत नेला. पुढे २००५-०६ मध्ये मोठं नूतनीकरण झालं, नवे डिझेल जनरेटर आले, दोन युनिटांमध्ये वाटून वापरले जाणारे पुरवठे वेगळे केले गेले, मुख्य कंट्रोल रूम वापरता आली नाही तर म्हणून पर्यायी जागा केली. २०२० मध्ये ती युनिटं पुन्हा लांबच्या दुरुस्तीला घेतली गेली. माझ्या मनात या लोकांबद्दल फार आदर आहे, शेजारी म्हणून नाही, कामातला माणूस म्हणून. ज्या कार्डाचं ड्रॉइंग मिळत नाही ते कार्ड उलटं वाचून नवं बनवणं किती वेळखाऊ आणि जबाबदारीचं असतं ते मला माहितीय.

जुनं ॲनालॉग काढून डिजिटल टाकायचं हा रस्ता आहेच, २०११ मध्ये अमेरिकेतल्या ओकोनी केंद्राने एका युनिटची सुरक्षा यंत्रणाच डिजिटल केली, साइझवेल बी तर १९९५ ला सुरू झालं तेच डिजिटल घेऊन. ड्रिफ्ट, म्हणजे आकडा हळूहळू सरकणं, कमी, स्वतःची तपासणी स्वतः करतं, फायदे खरे आहेत. पण चारही चॅनेलमध्ये एकच सॉफ्टवेअर असेल तर त्यातली चूकही चारही ठिकाणी एकाच क्षणी असते, म्हणून नियामक त्याला परवानगी द्यायला वर्षं घेतात आणि घेतलीच पाहिजेत. सॉफ्टवेअरला गंज लागत नाही हे खरं, पण ते ज्या चिपवर चालतं, ज्या कंपायलरने (प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने) बनवलं, ज्या माणसाला ते समजतं, ते सगळे म्हातारे होतात. २०१३ साली बातमी होती, कॅनडातल्या अणुवीज केंद्रांत रोबोट चालवणारे पीडीपी-११ कॉम्प्युटर, १९७० च्या दशकातले, २०५० पर्यंत चालू ठेवायचे होते आणि त्यासाठी त्यांची असेंब्ली भाषा येणारे प्रोग्रामर हवे होते. सुटे भाग एक वेळ कुठून तरी जमवता आले असते. इथे शोध माणसांचा चालला होता.